दुर्मीळ पक्ष्यांचा विमानातून शोध: नियोजनापासून पडताळणीपर्यंत

३० जून १९५४ रोजी कॅनडातील वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानातील वणवा पाहून परतणाऱ्या हेलिकॉप्टरमधून वैमानिक डॉन लँडेल्स आणि वनाधिकारी जॉर्ज विल्सन यांना खालच्या दलदलीत मोठे पांढरे पक्षी दिसले. ते व्हूपिंग क्रेन होते. १९४१ च्या सुमारास या क्रौंचांची जगातील एकूण संख्या वीस-बावीसवर आली होती. ते हिवाळा टेक्सासच्या किनाऱ्यावर काढतात हे ठाऊक होते. घरटी मात्र कुठे करतात याचा पत्ता नव्हता, आणि त्याआधी विमानांतून मुद्दाम घेतलेला शोधही वाया गेला होता. पुढच्या वर्षी पक्षितज्ज्ञ रॉबर्ट पोर्टर ॲलन जमिनीवरून त्या घरट्यांपर्यंत पोहोचले, तेव्हा त्यांना त्यासाठी कित्येक आठवडे खर्ची घालावे लागले.

ही हकिकत बहुधा हेलिकॉप्टरचे कौतुक म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यातला आधीचा निष्फळ भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. दुर्मीळ पक्ष्याच्या शोधात बहुतेक उड्डाणे रिकाम्या हातानेच परततात, आणि त्या रिकाम्या उड्डाणांचा अर्थ लावता येईल अशी तजवीज आधीच केलेली नसेल, तर इंधन जळते, पैसा जातो आणि ज्ञानात काहीच भर पडत नाही. पुढील पायऱ्या ही गोष्ट ध्यानात ठेवून लिहिल्या आहेत.

प्रश्न नेमका करणे

विमानातून पक्षी शोधणे या एका नावाखाली तीन निराळी कामे येतात: तो पक्षी त्या प्रदेशात आहे की नाही हे ठरवणे, तो नेमका कुठे आहे हे शोधणे, आणि तो किती संख्येने आहे हे मोजणे. मोजणीसाठी उड्डाणरेषा आधीच ठरलेल्या आणि पक्षी कुठे असतील याच्या अंदाजापासून अलिप्त असाव्या लागतात. अमेरिका आणि कॅनडात १९५५ पासून चालू असलेली बदकांची हवाई पाहणी किंवा पूर्व ऑस्ट्रेलियात १९८३ पासून होणारी पाणपक्ष्यांची पाहणी दरवर्षी त्याच पट्ट्यांवरून उडते ती याच कारणासाठी. शोधाचे तंत्र याच्या उलट असते. जिथे पक्षी असण्याची शक्यता सर्वाधिक, तिथेच सर्वाधिक तास घालवायचे असतात. त्यामुळे शोधमोहिमेत मिळालेल्या आकड्यांचा गुणाकार करून साऱ्या प्रदेशाची संख्या काढणे ही चूक आहे, आणि ती वारंवार होते.

यानंतर विचारायचा प्रश्न असा की हा पक्षी विमानातून शोधण्याजोगा आहे का. क्रौंच, हंस, पेलिकन, माळढोकांसारखे उघड्या गवताळ प्रदेशातील मोठे पक्षी, समुद्री बदके आणि काटक्यांची भलीमोठी घरटी करणारे गरुड या कामाला योग्य आहेत. दाट झाडोऱ्यातील लहान पक्षी, निशाचर पक्षी आणि वेतांतून व बोरूतून लपतछपत फिरणाऱ्या पाणकोंबड्यांच्या कुळातील जाती यांच्यासाठी विमान जवळजवळ निरुपयोगी असते. तिथे जमिनीवर ठेवलेली ध्वनिमुद्रण यंत्रे कमी खर्चात अधिक सांगतात. मात्र पक्षी दिसत नसला तरी त्याची खूण दिसू शकते. एम्परर पेंग्विनच्या कित्येक वसाहती समुद्री बर्फावरील विष्ठेच्या तपकिरी डागांवरून उपग्रहचित्रांत ओळखल्या गेल्या आणि ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पानगळीच्या झाडांवरील घरटी पाने फुटण्यापूर्वी शोधणे हाही त्याच युक्तीचा प्रकार होय.

वरून दिसणारा पक्षी ओळखायला शिकणे

ओळखपुस्तिकांतील चित्रे बाजूने किंवा खालून पाहिलेल्या पक्ष्यांची असतात. विमानातून दिसते ती पाठ, पंखांची वरची बाजू आणि शेपटी, तीही दोन-चार सेकंदच. शिवाय शेजारी ओळखीची वस्तू नसल्याने आकाराचा अंदाज फसतो. व्हूपिंग क्रेन पांढरा असून त्याच्या पंखांची टोके काळी असतात, पण अमेरिकेतील पांढरा पेलिकन आणि स्नो गूज यांच्या पंखांतही काळा रंग असतोच. फरक करावा लागतो तो पुढे ताणलेल्या लांब मानेवरून आणि शेपटीमागे लोंबणाऱ्या लांब पायांवरून. म्हणून शोध्य पक्ष्याशी घोटाळा होऊ शकेल अशा प्रत्येक जातीसाठी पाठीचा रंग, पंखांची टोके, मान, पाय, उडण्याची लकब आणि थव्याची रचना यांचा एक तक्ता तयार करावा. वरून काढलेली छायाचित्रे पडद्यावर तीन-तीन सेकंद दाखवून निरीक्षकांची परीक्षा घ्यावी आणि प्रत्यक्ष मोहिमेपूर्वी ओळखीच्या पक्ष्यांच्या जागेवरून निदान एक सरावाचे उड्डाण करावे.

कोणता पुरावा पुरेसा मानायचा हेही याच टप्प्यावर लेखी ठरवून ठेवावे. आयव्हरी-बिल्ड वुडपेकर या अमेरिकी सुतार पक्ष्याचे उदाहरण यासाठी बोलके आहे. त्याच्या पंखांच्या मागील कडेला रुंद पांढरा पट्टा असतो आणि तो वरूनही दिसतो, तेव्हा तत्त्वतः हा पक्षी हवेतून ओळखता यावा. लुईझियानातील जंगलात ड्रोनने घेतलेल्या चित्रफिती आणि झाडांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांतील प्रतिमा यांवर आधारित शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्धही झाला. पण त्या प्रतिमा अस्पष्ट असल्याने अनेक जाणकारांचे समाधान झाले नाही. पक्षी अत्यंत दुर्मीळ असेल तेव्हा ‘बहुधा तोच’ या शेऱ्याला फारशी किंमत नसते. पंखांवरील अमुक खूण आणि शरीराचे अमुक प्रमाण एकाच चित्रात स्पष्ट दिसले तरच निश्चित नोंद, दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहिले तर संभाव्य, आणि एरवी फक्त टिपण, अशी प्रतवारी उड्डाणापूर्वी केली म्हणजे उत्साहाच्या भरात ती बदलत नाही.

शोधाचे क्षेत्र आकुंचित करणे

हवेत जाण्यापूर्वीचे काम टेबलावर होते, आणि माझ्या मते सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फळ देणारे काम हेच. ९० नॉट म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर वेगाने उडताना दोन्ही बाजूंना २०० मीटरचा पट्टा पाहिला, तर तासाला जेमतेम ६७ चौरस किलोमीटर नजरेखालून जातात. त्यातून वळणे आणि धावपट्टीपासून क्षेत्रापर्यंतचे येणेजाणे वजा करायचे. हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश एकदा पुरता पाहायचा तर केवळ रेषांवरच पंधरा तास उडावे लागते. म्हणून जुन्या नोंदी, उपग्रहचित्रे, पाण्याची पातळी, गवताची उंची आणि मेंढपाळ, मच्छीमार, शिकारी यांच्याकडून मिळालेली माहिती यांच्या आधारे प्रदेशाचे चौकोन पाडून त्यांना उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे दर्जे द्यावेत. निम्म्याहून अधिक तास उत्तम चौकोनांना द्यावेत. तरीही थोडे तास कनिष्ठ चौकोनांसाठी राखून ठेवावेत, कारण अधिवासाबद्दलचा आपला समज चुकीचा असला तर तो फक्त तिथेच उघडा पडतो.

या समजांची मर्यादा स्पेक्टॅकल्ड आयडर या समुद्री बदकाने चांगली दाखवून दिली. ही बदके हिवाळ्यात कुठे जातात हे गूढ होते. काही पक्ष्यांवर बसवलेल्या उपग्रह-प्रक्षेपकांच्या (उपग्रहाकडे संकेत पाठवणाऱ्या छोट्या यंत्रांच्या) संकेतांचा माग काढत १९९५ मध्ये विमान बेरिंग समुद्रावर सेंट लॉरेन्स बेटाच्या दक्षिणेकडे गेले, तेव्हा गोठलेल्या समुद्रातील मोकळ्या पाण्याच्या भेगांत ही बदके खच्चून भरलेली आढळली. पुढील मोजण्यांत त्यांची संख्या तीन लाखांहून अधिक भरली. बर्फाच्या त्या विस्तारावर बदके शोधायला एरवी कोणी गेले नसते. एकदोन पक्ष्यांवरही प्रक्षेपक बसवणे शक्य असेल, तर विमानाचे कित्येक तास वाचतात. साधे रेडिओ-प्रक्षेपक असतील, तर पंखांखालच्या दोन्ही दांड्यांवर एकेक अँटेना लावून डावा-उजवा संकेत आळीपाळीने ऐकावा. जमिनीवर काही किलोमीटरवर विरून जाणारा संकेत उंचीवरून त्याच्या अनेकपट अंतरावर ऐकू येतो.

वेळही इथेच ठरवावी. बोरू आणि झाडोरा वाढण्यापूर्वीचे, पण पक्षी घरट्यावर स्थिरावल्यानंतरचे आठवडे सहसा सर्वांत चांगले असतात. बदकांच्या बाबतीत ठळक रंगाचे नर मादीच्या सोबत असेपर्यंतच हे काम सोपे असते.

वाहनाची निवड

विस्तीर्ण क्षेत्रासाठी पंख केबिनच्या वर असलेले लहान विमान घ्यावे, म्हणजे खालची दृष्टी मोकळी राहते. सेस्ना १८२ किंवा २०६ यांसारखी विमाने म्हणूनच या कामात सर्वत्र दिसतात. समुद्रावर किंवा किनाऱ्यापासून दूर जायचे असेल तर दोन इंजिनांचे विमान हवे. पार्टेनाविया पी-६८ हे वर पंख असलेले दोन इंजिनांचे विमान त्या कामी बरेच वापरले जाते. हेलिकॉप्टर संथ उडते, थांबते आणि उतरते, पण ते महाग असते, त्याचा आवाज आणि खाली फेकला जाणारा वारा पक्ष्यांना हुसकावतो, आणि एका तासात ते विमानापेक्षा पुष्कळ कमी क्षेत्र पाहते. त्याचा खरा उपयोग माणसांना अवघड जागी पोहोचवण्याचा. न्यूझीलंडच्या फिओर्डलँड भागात १९७० च्या दशकात काकापो या न उडणाऱ्या पोपटाचा शोध घेताना कडेकपारींनी वेढलेल्या दऱ्यांत पथके हेलिकॉप्टरने उतरवली गेली. पक्षी मात्र पायीच शोधावे लागले. काही चौरस किलोमीटरच्या क्षेत्रासाठी ड्रोन पुरेसा असतो, आणि त्यात कोणाचा जीव धोक्यात येत नाही हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

जीव सांभाळणे

अमेरिकेत १९३७ ते २००० या काळात कामावर असताना मृत्यू पावलेल्या ९१ वन्यजीव कर्मचाऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश मृत्यू हवाई अपघातांत झाल्याचे आढळले. बुडणे, रस्त्यांवरील अपघात आणि खून यांचा क्रम त्यानंतर लागतो. त्यामुळे ज्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो त्याने या कामात पडू नये.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार वस्तीबाहेर जमिनीपासून किमान १५० मीटर उंची राखावी लागते. पक्षी-पाहणी मात्र बहुधा ३० ते ८० मीटरवरून होते. म्हणून देशाच्या विमान-वाहतूक प्राधिकरणाची कमी उंचीसाठीची खास परवानगी, संरक्षित क्षेत्राच्या व्यवस्थापनाची परवानगी आणि कमी उंचीवरून उडण्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेला वैमानिक या तीन गोष्टींवाचून पुढे जाऊ नये. वैमानिक कितीही पक्षिप्रेमी असला, तरी मोजण्याचे काम त्याच्याकडे देऊ नये. मोठ्या सरकारी पाहण्यांत वैमानिकच निरीक्षकही असतो हे खरे, पण त्यामागे वर्षानुवर्षांचे खास प्रशिक्षण असते.

सर्वांत घातक क्षण पक्षी दिसल्यानंतरचा असतो. ‘तिकडे, तिकडे, वळव’ असे निरीक्षक ओरडतो, वैमानिक मान मागे वळवून विमान तिरके करतो आणि वेग कमी झालेला असतो. उंची कायम ठेवून घेतलेल्या वळणात विमान ३० अंश कलले तर ज्या वेगाखाली पंखांची उचल तुटते तो वेग सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी आणि ६० अंशांत ४१ टक्क्यांनी. सरळ उडताना जो वेग निर्धोक होता तोच तीव्र वळणात विमान खाली पाडू शकतो, आणि ६० मीटर उंचीवर सावरायला जागाच नसते. त्यातच वाऱ्याच्या दिशेने वळताना जमीन वेगाने मागे सरकताना दिसते आणि विमानाचा वेग पुरेसा असल्याचा भास होतो. म्हणून नियम असा असावा की कमी उंचीवर ३० अंशांपेक्षा अधिक कलायचे नाही, पुन्हा पाहायचे असल्यास आधी सरळ उडत वर चढायचे, मग मोठा वळसा घेऊन नव्याने खाली यायचे. या नियमाला अपवाद नसावा, पक्षी कितीही दुर्मीळ असला तरी.

दुसरा मोठा धोका तारांचा. विजेच्या वाहिन्या, मनोरे, दरीवर ताणलेल्या तारा आणि वारा मोजण्याचे बारीक खांब नकाशावर उतरवून, आदल्या दिवशी सुरक्षित उंचीवरून एक फेरी मारून त्यांची खातरजमा करावी. विमानात अनावश्यक माणूस घेऊ नये. हेल्मेट, आगीला दाद न देणारे कपडे, अंगावर बांधलेला ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन संकेतक, पाण्यावर असल्यास अंगात घातलेले जीवनरक्षक जाकीट आणि उलटलेल्या केबिनमधून बाहेर पडण्याचा सराव हे सारे खर्चात धरावे. जमिनीवरील एका जबाबदार व्यक्तीशी दर पंधरा ते तीस मिनिटांनी संपर्क साधावा आणि संपर्क तुटल्यास नेमक्या कितव्या मिनिटाला बचावपथक बोलवायचे हे तिला लिहून द्यावे. केबिनमधील कोणीही ‘परत फिरू या’ म्हटल्यास कारण न विचारता परत फिरावे. चर्चा धावपट्टीवर उतरल्यावर करता येते.

रेषा, पट्टा आणि काचेवरच्या खुणा

उड्डाणरेषा नदी, किनारा किंवा डोंगररांग यांना समांतर न आखता आडव्या आखाव्यात, म्हणजे प्रत्येक रेषेवर सर्व प्रकारचे अधिवास येतात. शोधाच्या उड्डाणात शेजारच्या दोन रेषांचे पट्टे एकमेकांवर थोडे चढावेत, कारण विमानाच्या पोटाखालचा भाग कोणालाच दिसत नाही. समुद्री पक्ष्यांच्या पाहणीत रूढ असलेल्या ७६ मीटर उंचीवर क्षितिजापासून ६० अंश खाली पाहिले तर नजर ४४ मीटरवर पडते. म्हणजे दोन्ही बाजू मिळून ८८ मीटर रुंदीची अंध पट्टी राहते. २५ अंशांवर नजर १६३ मीटरवर आणि १५ अंशांवर सुमारे २८४ मीटरवर पडते. साध्या कोनमापकाने हे कोन मोजून पक्षी कोणत्या पट्ट्यात होता हे सांगता येते.

पट्ट्याच्या कडा डोळ्यांसमोर राहाव्यात यासाठी पंखाच्या दांडीवर आणि खिडकीच्या काचेवर चिकटपट्टीच्या खुणा कराव्यात. त्यांचे गणित सोपे आहे. उड्डाणातील अंतराला जमिनीवरील डोळ्याच्या उंचीने गुणायचे आणि उड्डाणाच्या उंचीने भागायचे. विमान धावपट्टीवर उभे असताना निरीक्षकाचा डोळा जमिनीपासून २ मीटरवर असेल आणि उड्डाण ७६ मीटरवरून होणार असेल, तर ४४ मीटरची आतली कड विमानापासून १.१६ मीटरवर आणि २०० मीटरची बाहेरची कड ५.२६ मीटरवर येते. त्या अंतरांवर जमिनीवर दोऱ्या टाकाव्यात, निरीक्षकाने नेहमीच्या बैठकीत बसून डोळा, खिडकी आणि दांडी यांवरील खुणा एका रेषेत आणाव्यात. शेपटीचे चाक असलेले विमान असल्यास शेपटी आधी उचलून उड्डाणातल्यासारखी समतल करावी, नाहीतर सगळ्या खुणा चुकतात. निरीक्षक बदलला की खुणाही बदलाव्यात. उंच माणसाच्या खुणा बुटक्या माणसाला फसवतात.

वाऱ्याचा वेग १५ नॉटच्या वर असेल, पाण्यावर पांढरे तुषार उठत असतील किंवा सूर्य इतका खाली असेल की पाणी एका बाजूला आरशासारखे चमकते, तर उड्डाण पुढे ढकलावे. पातळ, एकसारखे ढग हा उत्तम प्रकाश. चमक पूर्णपणे टाळता येत नसेल तर प्रत्येक रेषेवर प्रत्येक बाजूची चमक किती होती हे किमान नोंदवावे.

केबिनमधील शिस्त

नोंद लिहून करू नये, बोलून करावी. कागदाकडे मान वळवताच विमान शंभर मीटर पुढे गेलेले असते. घड्याळ उपग्रह-स्थाननोंदणी यंत्राशी जुळवून ध्वनिमुद्रक चालू ठेवावा आणि ठरावीक क्रमाने बोलावे: ‘क्रौंच, दोन, आतला पट्टा, आता.’ ‘आता’ हा शब्द पक्षी दांडीच्या बरोबर समोर येईल त्या क्षणी उच्चारावा, म्हणजे नंतर वेळेवरून जागा काढता येते. रेषेची सुरुवात, शेवट, उंचीतील बदल आणि ‘इथे मला काही दिसत नव्हते’ असे तुकडेही मोठ्याने बोलावेत. नजर पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपासून आत आणावी आणि एका जागी खिळू देऊ नये. दुर्बीण शोधासाठी नव्हे, शंकानिरसनासाठी असते; शोधताना तिच्यातून पाहणे म्हणजे पट्टा सोडून देणे. दोन-अडीच तासांनंतर डोळे थकतात, आणि थकलेल्या निरीक्षकाला ते कळतच नाही, म्हणून वेळ संपली की उतरावे. उलटीची औषधे आधी जमिनीवर घेऊन पाहावीत, कारण त्यांतील काहींमुळे झोप येते.

काही दिसल्यास जागा नोंदवून रेषा पूर्ण करावी, वर सांगितल्याप्रमाणे चढून परतावे, छायाचित्रासाठी एक आणि फार तर दुसरी फेरी घ्यावी आणि निघून जावे. ३०० ते ४०० मिलिमीटरचे स्थिरीकृत भिंग, १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद शटर आणि खिडकीच्या काचेला न टेकवलेला कॅमेरा एवढे पुरते. मोठा थवा असल्यास अंदाजावर विसंबू नये. थवे मोठे असताना डोळा जवळजवळ नेहमीच कमी मोजतो.

ड्रोन वापरताना

ड्रोनच्या बाबतीत सगळे काही एका आकड्यावर ठरते, तो म्हणजे चित्रातील एका बिंदूने जमिनीवर व्यापलेली रुंदी. उंचीला संवेदकावरील बिंदूच्या आकाराने गुणून भिंगाच्या नाभीय अंतराने भागले की ती मिळते. बिंदू २.४ मायक्रोमीटरचा, नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर आणि उंची १०० मीटर असेल तर ती २.७ सेंटिमीटर येते. ६० सेंटिमीटर लांबीचा पक्षी अशा चित्रात बावीस बिंदूंचा दिसेल आणि त्याची जात ठरवणे शक्य होईल. १५ सेंटिमीटरचा चिखलपक्षी पाच-सहा बिंदूंचा ठिपका राहील. अनेक देशांत ड्रोनला १२० मीटरची कमाल मर्यादा आहे, तेव्हा वर जाण्याचा प्रश्न सहसा येत नाही. खाली किती यायचे हाच प्रश्न असतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात संख्या आधीच ठाऊक असलेली प्लास्टिकची बदके वाळूवर मांडून ड्रोनचित्रांवरील मोजणी जमिनीवरील अनुभवी निरीक्षकांच्या मोजणीशी ताडली गेली, आणि ड्रोनची मोजणी अधिक अचूक ठरली. मात्र तिथे लपायला जागा नव्हती. उष्णतादर्शक कॅमेरा पहाटे, जमीन थंड असताना उपयोगी पडतो. दुपारी तापलेला प्रत्येक दगड त्यात पक्षी भासतो.

त्रासाबद्दल सावध राहावे, पण बाऊही करू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बदके, रोहित आणि ग्रीनशँक हे चिखलपक्षी यांच्याकडे ड्रोन नेऊन पाहिला असता ८० टक्के प्रसंगी पक्षी न बिचकता ड्रोन ४ मीटरपर्यंत जाऊ शकला. सरळ डोक्यावरून खाली आणल्यास मात्र प्रतिक्रिया वाढली, कदाचित शिकारी पक्षी तसाच झेपावतो म्हणून. दुसरीकडे मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बोल्सा चिका येथे वसाहतीत कोसळलेल्या एका ड्रोनमुळे सुमारे ३,००० एलिगंट टर्न हे समुद्रपक्षी उडून गेले आणि दीड हजारांच्या आसपास अंडी उघडी पडली. म्हणून ड्रोन वसाहतीपासून किमान शंभर मीटर दूरच्या जागेवरून वर सोडावा, आडव्या दिशेने जवळ न्यावा, आणि जमिनीवर एक माणूस केवळ पक्ष्यांचे वर्तन पाहण्यासाठी ठेवावा. माना एकदम वर झाल्या की थांबावे. पक्षी उडाल्यावर थांबण्यात उशीर झालेला असतो. गरुड आपल्या हद्दीतील ड्रोनवर झडप घालतात आणि त्यात पंजे कापले जातात, तेव्हा गरुड दिसताच ड्रोन खाली घ्यावा.

न दिसल्याचा हिशोब

आता मूळ मुद्दा. पक्षी तिथे असूनही न दिसण्याची दोन कारणे असतात: तो त्या क्षणी गवताखाली किंवा पाण्याखाली होता, किंवा उघड्यावर असूनही निरीक्षकाच्या नजरेतून सुटला. दुसऱ्या कारणाचे मोजमाप करण्यासाठी एकाच बाजूला पुढे-मागे दोन निरीक्षक बसवून त्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू जाणार नाही अशी व्यवस्था करावी. पुढच्याने १८ थवे नोंदवले, मागच्याने १५, आणि त्यांतील १२ समाईक निघाले, तर प्रत्येक आकड्यात एक मिळवून १९ गुणिले १६ भागिले १३, आणि आलेल्या उत्तरातून वजा १, या रीतीने एकूण थवे सुमारे २२ असावेत असा अंदाज येतो. म्हणजे पुढच्या निरीक्षकाच्या नजरेतून पाचात एखादा थवा निसटत होता. शोध्य पक्षी अतिदुर्मीळ असल्यास असा हिशोब त्याच्यावर करता येत नाही. त्याऐवजी त्याच आकाराच्या आणि रंगाच्या पक्ष्यांवर करावा, किंवा एका सहकाऱ्याने निरीक्षकांना न सांगता क्षेत्रात प्रतिकृती मांडून ठेवाव्यात आणि त्यांतील किती दिसतात ते पाहावे. मात्र प्रतिकृती हलत नाही आणि उडत नाही, तेव्हा हा आकडा थोडा साशंकपणेच वापरावा.

एका उड्डाणात पक्षी दिसण्याची शक्यता ३० टक्के निघाली, तर तो तिथे असूनही एकदा न दिसण्याची शक्यता ७० टक्के, सलग तीनदा न दिसण्याची सुमारे ३४ टक्के. ती ५ टक्क्यांखाली यायला नऊ रिकामी उड्डाणे लागतात. शक्यता ५० टक्के असेल तर पाच पुरतात. हाच आकडा मोहिमेचे अंदाजपत्रक ठरवतो: नऊ उड्डाणांचे पैसे नसतील तर क्षेत्र लहान करावे, पण तीन उड्डाणांवरून ‘पक्षी नाही’ असे लिहू नये. हा हिशोब उड्डाणे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरतो. एकाच आठवड्यात, दिवसाच्या त्याच वेळी, एकाच निरीक्षकासह केलेली नऊ उड्डाणे स्वतंत्र नसतात. दिवस, वेळ आणि माणसे बदलावीत.

जमिनीवरची पडताळणी आणि गुप्तता

हवेतून मिळालेली प्रत्येक संभाव्य नोंद जमिनीवरून तपासावी, शक्यतो दोन दिवसांच्या आत आणि वीण चालू असल्यास लांबूनच. पडलेली पिसे, पावलांचे ठसे आणि ध्वनिमुद्रणे यांनी हवाई छायाचित्रातील उणीव भरून निघते. अहवालात उड्डाणमार्ग, रिकामे चौकोन, प्रकाशाची स्थिती आणि दिसण्याच्या शक्यतेचा आकडा हे सारे द्यावे, म्हणजे पुढच्या शोधकाला तीच जमीन पुन्हा तुडवावी लागत नाही.

घरट्याची नेमकी जागा मात्र देऊ नये. अंडीचोर आणि अतिउत्साही छायाचित्रकार दोघेही अहवाल वाचतात. स्थाननोंदी दहा किलोमीटरच्या चौकोनात गोळा करून द्याव्यात आणि छायाचित्रांच्या संचिकेत आपोआप भरलेली स्थानमाहिती काढून टाकावी. एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: बहुतेक विमाने आपली जागा सतत प्रसारित करतात आणि ती कोणालाही आंतरजालावर पाहता येते. शिस्तीत आखलेल्या सरळ रेषांच्या मधोमध एकाच ठिकाणी घेतलेला गोल वळसा त्या नकाशावर बोट ठेवून दाखवल्यासारखा उठून दिसतो. काही देशांत विमानाच्या मालकाला असा मार्ग दाखवू नये अशी विनंती करता येते, आणि ती पहिल्या उड्डाणाच्या आधीच केलेली बरी.